कोण आधी, कोण नंतर: द्वंद्व समासाची गोष्ट



केनवडला उतरल्याउतरल्या आम्हाला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा: ‘चहापाणी झालं का?’ नाही म्हटल्यावर चहा आला, पोहे आले, बिस्किटं आली. पाणी मात्र मागून घ्यावं लागलं. ही तक्रार नव्हे हं. आजच्या विषयाची सुरुवातच तिथे झाली म्हणून सांगतो. ‘चहापाणी’ या शब्दात चहा आहे, पाणी आहे आणि शब्दात न लिहिलेले पोहेही आहेत. यजमानांना ते बरोबर कळलं. शाळेत आपण याला समाहार द्वंद्व म्हणायला शिकलो, दोन मार्क मिळवले आणि विसरून गेलो.

व्याख्यान सुरू व्हायच्या आधी इथल्याच एका काकांनी विचारलं, ‘समास म्हंजे व्याकरन. मंग इतिहासाच्या व्याख्यानात ते कायले?’

प्रश्न रास्त आहे. दोन शब्द सारख्या मानाने एकत्र आणायचे, एवढंच द्वंद्व समासाचं काम. पण कोणते दोन एकत्र येतात, त्यांत आधी नाव कोणाचं, आणि कधीकधी एकाच्या पोटात दुसरा नाहीसा कसा होतो, हे व्याकरण एकटं ठरवत नाही. ते माणसं ठरवतात. म्हणून जोडशब्द नीट पाहिले, की त्या काळची माणसं एकमेकांकडे कशी बघत होती हे दिसतं. आज आपण तेच पाहणार आहोत. पाणिनीपासून सुरुवात करू आणि तलाठ्याच्या दप्तरापर्यंत येऊ. वाटेत वाशीम आणि बुलढाणा लागणारच आहेत.

आधी थोडं व्याकरण उरकून घेऊ. ‘द्वंद्व’ म्हणजे मुळात ‘दोन-दोन’, म्हणजे जोडी. गंमत अशी की मराठीत द्वंद्व म्हटलं की लोकांना आधी कुस्ती आठवते. जोडी आणि झुंज, दोन्ही अर्थ याच शब्दात आहेत. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पाणिनीचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला मानतात. त्याने या समासाची व्याख्या फार थोडक्यात केली: ‘च’ या अव्ययाच्या, म्हणजे ‘आणि’च्या अर्थी जो समास होतो तो द्वंद्व. पुढच्या वैयाकरणांनी या ‘आणि’चे चार अर्थ सांगितले आणि त्यांपैकी दोनच अर्थांनी समास होतो असं ठरवलं. एक इतरेतरयोग, दुसरा समाहार. फरक मराठीत सहज कळतो. ‘आईबाप आले’ असं आपण म्हणतो, ‘आईबाप आला’ म्हणत नाही. इथे माणसं दोन राहतात आणि क्रियापद अनेकवचनी होतं. हा इतरेतर. उलट ‘मीठभाकर खाल्ली’, ‘भाजीपाला आणला’. इथे सगळ्याचं मिळून एकच गाठोडं होतं आणि क्रियापद एकवचनी राहतं. हा समाहार.

मराठी व्याकरणकारांनी यात तिसऱ्याची भर घातली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६चं, मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चं. या परंपरेतून आलेल्या शालेय पुस्तकांत आपण वैकल्पिक द्वंद्वही शिकतो. खरेखोटे, बरेवाईट, पापपुण्य, चारपाच. विग्रह करताना इथे ‘आणि’ चालत नाही, ‘किंवा’ लागतो. ‘चारपाच पोती द्या’ म्हणणाऱ्याला नऊ पोती नको असतात.

तर मुद्दा असा, की तत्पुरुषात दुसरं पद प्रधान, बहुव्रीहीत दोन्ही सोडून तिसरंच प्रधान, आणि द्वंद्वात दोन्ही पदं प्रधान. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण प्रत्येक वर्गातलं श्रेष्ठ ते मी असं सांगत जातात, तिथे समासांपैकी द्वंद्व मी आहे असंही सांगतात. टीकाकार याचं कारण देतात ते हेच: या समासात कोणी कोणाच्या हाताखाली नसतो.

व्याख्या ऐकायला फार सुंदर आहे. आता ती प्रत्यक्षात कशी चालते ते बघू.

दोघे सारखे असले तरी तोंडातून नाव एकाचंच आधी निघतं. पाणिनीने यासाठी नियम दिले. काही नियम निव्वळ उच्चाराचे आहेत: ह्रस्व इ किंवा उ शेवटी असलेला शब्द आधी, कमी स्वरांचा शब्द आधी. म्हणजे तोंडाला सोपं ते पुढे. पण हे पुरेना. कात्यायनाने वार्तिकांत भर घातली, की ज्याचा मान अधिक तो आधी. पतंजलीच्या महाभाष्यात याचं उदाहरण आहे ‘मातापितरौ’. आई आधी, कारण तिचा मान अधिक. भावाभावांत थोरला आधी. आणि चार वर्णांची नावं जोडायची असतील तर वर्णांच्या उतरंडीने. इथे स्वर मोजायचे नाहीत, शेवटचं अक्षर बघायचं नाही, फक्त पायरी बघायची.

म्हणजे ‘दोन्ही पदं प्रधान’ म्हणणारं व्याकरण रांग लावताना समाजाकडे वळून बघतं.

आईचंच उदाहरण पुढे नेऊ. ‘मातापितरौ’मध्ये आई पहिली. पण संस्कृतात आईवडिलांसाठी आणखी एक शब्द आहे, ‘पितरौ’. याला एकशेष म्हणतात: दोघांपैकी एकच पद शिल्लक राहतं आणि त्यालाच द्विवचन लागतं. माता आणि पिता मिळून ‘पितरौ’. स्त्री आणि पुरुष एकत्र असतील तर पुरुषवाचक शब्द उरतो, असा नियमच आहे. आई अर्थात आहे, शब्दात नाही. कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्याच श्लोकात जगाच्या आईवडिलांना वंदन केलं, तेव्हा हाच ‘पितरौ’ शब्द वापरला, आणि त्याच श्लोकात पार्वतीचं नाव मात्र परमेश्वराच्या आधी घेतलं. एकाच श्लोकात ती शब्दातून गेलीही आणि पहिलीही आली.

आपल्या बोलण्यात बघा. आईबाप, मायबाप, आईवडील: सगळीकडे आई आधी. आजीआजोबा, सासूसासरे: तिथेही बाई आधी. पण ‘नवराबायको’ म्हणताना? तिथे क्रम फिरतो. बाई आई झाली, आजी झाली, सासू झाली की पुढे येते. नुसती बायको असते तेव्हा मागे.

शेजारीपाजारी काय करतात? तेलुगूत आईवडिलांना ‘तल्लिदंड्रुलु’ म्हणतात, त्यात आई आधी. तमिळमध्ये ‘तायतंदै’, तिथेही आई आधी. तमिळ व्याकरणाचा प्राचीन ग्रंथ तोल्काप्पियम, त्यात अशा समासाला स्वतंत्र नाव आहे: ‘उम्मैत्तोगै’. ‘उम्’ म्हणजे आपला ‘आणि’. म्हणजे ‘आणि’ गाळून होणारी जोडी ही काही फक्त संस्कृतची मिरास नाही. कन्नडमध्ये ‘तंदेतायी’, इथे वडील आधी. चिनी भाषेत ‘फूमू’, तिथेही वडील आधी. त्याच चिनी भाषेत ‘पूर्व-पश्चिम’ जोडून जो शब्द होतो त्याचा अर्थ ‘वस्तू’, आणि ‘खरेदी-विक्री’ जोडून होतो त्याचा अर्थ ‘धंदा’. आपली ‘देवघेव’ त्याच जातीची. आधुनिक ग्रीकमध्ये सुरी आणि काटा जोडून एकच शब्द करतात आणि जेवणाच्या टेबलावरच्या सगळ्या हत्यारांना तो वापरतात, आपल्या ‘चहापाणी’सारखाच. युरोपातले भाषा-अभ्यासक एकोणिसाव्या शतकात संस्कृत शिकले तेव्हा त्यांनी या समासाचं नाव भाषांतरित करण्याऐवजी ‘द्वंद्व’ हाच शब्द उचलला. आज जगभरच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत तो तसाच छापला जातो.

आता क्रमाच्याही आधीचा प्रश्न: जोडीत घ्यायचं कोणाला?

पाणिनीने काही ठिकाणी समाहार, म्हणजे एकवचन, सक्तीचं केलं आहे. शरीराचे अवयव, वादक, सैन्याची अंगं. हे सगळं एकत्र काम करतं, म्हणून एक. मग एक मजेशीर वर्ग येतो: ज्यांचं वैर कायमचं, त्यांचाही समास एकवचनी. साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर. भांडणारे दोघेही भांडणाने इतके बांधलेले असतात की त्यांचं एकच गाठोडं होतं. पतंजलीने, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, या नियमाखाली ‘श्रमणब्राह्मणम्’ असं उदाहरण दिलं आहे. एकीकडे बौद्ध-जैन भिक्षू, दुसरीकडे वैदिक ब्राह्मण. त्या काळातला वाद केवढा पेटलेला होता हे सांगायला इतिहासकार हा एकच समास आजही पुढे करतात.

त्याच्यापुढचंच सूत्र जास्त बोचणारं आहे. शूद्रांमधल्या ‘अनिरवसित’ जातींच्या नावांचा द्वंद्व एकवचनी होतो. अनिरवसित म्हणजे बाहेर न टाकलेले. सुतार आणि लोहार: ‘तक्षायस्कारम्’, एकवचन. धोबी आणि विणकर: ‘रजकतन्तुवायम्’, एकवचन. पण ‘चण्डालमृतपाः’ हे अनेकवचन. मग प्रश्न येतो, बाहेर टाकलेले म्हणजे कुठून बाहेर? पतंजली एकेक शक्यता घेतो. आर्यावर्ताबाहेरचे? आर्यांच्या वस्तीबाहेरचे? यज्ञकर्माबाहेरचे? प्रत्येक शक्यता कुठे ना कुठे अडते. शेवटी तो भांड्यांवर येऊन थांबतो. ज्यांनी जेवल्यावर भांडं घासूनपुसूनही शुद्ध मानलं जात नाही, ते बाहेरचे.

थोडं थांबून विचार करा. एका प्रत्ययाचा प्रश्न आहे. एकवचन लावायचं की अनेकवचन. आणि त्याचं उत्तर शोधायला जगातला एक मोठा वैयाकरण कुणाच्या ताटाला विटाळ होतो हे तपासतो आहे. पतंजलीने हा भेद निर्माण केला असं आम्ही म्हणत नाही. तो भाषेची नोंद ठेवत होता. पण त्याने प्रामाणिकपणे नोंद ठेवली म्हणून आज आपल्याला दिसतं, की दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी गावकुसाची भिंत व्याकरणात उभी होती.

आता आपल्या भागात येऊ. केनवड रिसोड तालुक्यातलं, आणि जिल्हा वाशीम. हे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, त्याच्या राजवटीच्या सदतिसाव्या वर्षातला. त्यात आपल्या विषयाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली: पूर्वज प्रवरसेनाचं वर्णन करताना त्याने केलेल्या यज्ञांची नावं, अग्निष्टोम, आप्तोर्याम, वाजपेय आणि पुढची, एकापुढे एक ओवून एकच लांबलचक समास केला आहे. ही माळ म्हणजे द्वंद्वच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि गाव दान दिल्याचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. पूर्वजांचा मान एका भाषेत आणि गावाचं काम दुसऱ्या भाषेत. एकाच ताम्रपटावर दोन भाषा शेजारीशेजारी बसल्या.

दोन भाषांचं हे शेजारपण वऱ्हाडातून कधी गेलंच नाही. पुढे बहामनी आले, इमादशाही आली, मग निजामशाही, १५९६च्या सुमारास मोगल. दप्तराची भाषा फारसी, गावाची मराठी. या काळात जोडशब्दांचा एक नवाच कारखाना सुरू झाला. ‘कागदपत्र’ घ्या. कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातून. अर्थ जवळपास तोच. ‘धनदौलत’: धन संस्कृत, दौलत अरबी. ‘रीतिरिवाज’, ‘मानमरातब’, ‘बाजारहाट’, ‘अर्जविनंती’, ‘नफातोटा’. प्रत्येकात एक पाय दप्तरात आणि एक पाय गावात. सुनीतिकुमार चटर्जींनी भारतीय भाषांतल्या अशा शब्दांची चर्चा करताना त्यांना अनुवाद-समास म्हटलं आहे. एक पद दुसऱ्याचा अर्थ सांगतं. हाकिमाला ‘अर्ज’ कळतो, शेतकऱ्याला ‘विनंती’ कळते, दोघांना कळावं म्हणून ‘अर्जविनंती’. इंग्लंडातही असंच झालं. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी तो देश जिंकल्यावर तिथल्या कायद्याच्या भाषेत जोड्या रुळल्या. मृत्युपत्राला तिथे ‘विल अँड टेस्टमेंट’ म्हणतात. विल शब्द तिथला, टेस्टमेंट लॅटिन वळणाचा.

मात्र सगळ्याच जोड्यांना हे कारण लावू नये. ‘कायदेकानू’मधले दोन्ही शब्द अरबीतूनच आले. एकदा साचा पडला की भाषा त्यात काहीही ओतते. इंग्रज आले आणि आपण ‘कोर्टकचेरी’ म्हणायला लागलो. इथेही जुनी कचेरी टाकली नाही, नव्या कोर्टाला तिच्याशी बांधलं.

शब्दच काय, वऱ्हाडात राज्यसुद्धा जोडीनं चाललं. १७१९च्या मोगल सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांवर मराठ्यांना चौथ-सरदेशमुखीचा हक्क मिळाला, त्यांत वऱ्हाड होता. चौथ म्हणजे पाव हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. बोलताना जोडी छान वाटते, भरताना दोन्ही वेगवेगळे भरावे लागत. १७२४मध्ये इथून जवळच, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये त्याचा जम बसला. तेव्हापासून एकाच गावाकडे निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही वसुलीला येत. याला लोकांनी नाव दिलं ‘दुअमली’. दोन धनी, एक रयत. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०३मध्ये तो मध्य प्रांताला जोडला, आणि पुढे प्रांताचंच नाव झालं ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’. इथे तर ‘व’ही गाळला नाही. वऱ्हाड त्या प्रांतात होता, पण ‘व’च्या पलीकडे होता. तो सलत राहिला.

आता ज्या माणसांसाठी आम्ही हा विषय केनवडला घ्यायचा आग्रह धरला त्यांच्याकडे येतो.

बुलढाणा जिल्ह्याची हद्द इथून लांब नाही. त्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर स्वतःचं मूल मारल्याचा खटला झाला. आधी फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी झाली. या खटल्याच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ने एकूण स्त्रीजातीलाच बोल लावला. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ मध्ये पुस्तक छापलं: ‘स्त्रीपुरुषतुलना’.

त्या नावाचा विग्रह करून बघा. स्त्री आणि पुरुष हा द्वंद्व. त्यांची तुलना हा तत्पुरुष. तुलनेत ‘तुला’ आहे, म्हणजे तराजू. तराजूला दोन पारडी लागतात आणि दोन्ही एकाच दांडीला टांगावी लागतात. ताराबाईंचं म्हणणं तेवढंच होतं. जो दोष बाईचा म्हणून सांगता, तो पुरुषाच्या पारड्यात घालून बघा. पुनर्विवाहाची बंदी एकालाच का, फसवलेल्या बाईला शिक्षा आणि फसवणारा मोकळा कसा, असे प्रश्न त्यांनी विचारले. व्याकरणात ‘स्त्रीपुरुष’ हा समास आधीपासून होताच, आणि कमी स्वरांच्या नियमाने त्यात स्त्री पहिली होती. ताराबाईंनी त्या समासाची व्याख्या खरी धरली: दोन्ही पदं प्रधान आहेत ना, मग तशी वागणूक दाखवा.

पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले मात्र ‘सत्सार’च्या १८८५च्या अंकात त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं हे पुस्तक विस्मरणात होतं. स. गं. मालशे यांनी १९७५मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं.

फुल्यांचं स्वतःचं लिखाण या दृष्टीनं वाचण्यासारखं आहे. सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये निघालं. त्यात माणसांबद्दल बोलताना ते ‘स्त्रीपुरुष’ असं पुन्हा पुन्हा लिहितात. वाचताना कधी वाटतं, नुसतं ‘मनुष्य’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ‘मनुष्य’ म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच येतो, हे त्यांना ठाऊक होतं. ‘पितरौ’मध्ये आई जशी विरघळते तसं त्यांना होऊ द्यायचं नव्हतं. एकशेष नको, द्वंद्व पाहिजे.

दुसरी जोडी आणखी मोठी. १८७३च्या ‘गुलामगिरी’पासून त्यांच्या लेखनात ‘शूद्रादि अतिशूद्र’ ही जोडी सतत येते. पुढे ‘शूद्रातिशूद्र’ हा शब्द रूढ झाला. आता पतंजलीची भांडी आठवा. भांड्याचा विटाळ न मानलेले ते शूद्र एका बाजूला, विटाळ मानलेले दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या समासाचं वचनसुद्धा वेगळं. फुल्यांनी त्या भिंतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे एकाच शब्दात बांधले. तुमचं दुःख एका मुळाचं आहे, असं त्या समासाने सांगितलं. याच्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मातंग समाजातल्या मुक्ताबाई साळवे या मुलीने ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहिला, तो मांग-महारांच्या दुःखाविषयी. गाव ज्यांना एका दमात बाहेर ढकलत होतं, त्यांची नावं तिने स्वतः जोडली आणि दुःख एक आहे म्हणून जोडली. बाहेरच्याने केलेली जोडी आणि आतल्याने केलेली जोडी, अक्षरं तीच, अर्थ वेगळा.

(श्रोत्यांतून प्रश्न: ‘असे शब्द जोडून लिहायचे की मधात रेघ द्यायची?’)

चांगला प्रश्न. सामासिक शब्द जोडून लिहिणं हा मराठीचा साधा नियम. शब्द फार लांबला किंवा वाचताना अडखळायला झालं तर मध्ये रेघ देतात. आम्ही एवढंच म्हणू, की रेघ कुठे द्यायची हे लेखनाचं काम. भिंत कुठे आहे ते मात्र वाचणाऱ्याने बघावं.

शेवटाकडे येतो. या मंडपात बसलेल्या बहुतेकांच्या घरी एक द्वंद्व समास पेटीत जपून ठेवलेला आहे. कोणता? सातबारा! गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सात हा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कोणाची, किती, तिच्यावर बोजा काय. बारा ही पिकांची नोंद: यंदा सोयाबीन होतं की तूर. एक कागद सांगतो मालक कोण, दुसरा सांगतो वावरात काय उगवलं. आणि ‘बारा’ हा स्वतःही झिजलेला द्वंद्वच आहे: ‘द्वादश’, दोन आणि दहा.

याच सातबाऱ्यावरून आपल्याकडे दुसरा एक शब्द खरा होत आला: भाऊबंदकी. भाऊ आणि बंद, म्हणजे बंधू. दोन्ही पदं मायेची, आणि जोडून झालेल्या शब्दाचा अर्थ भांडण. द्वंद्व म्हणजे जोडी आणि झुंज, हे सुरुवातीला म्हटलं होतं ते यासाठी.

पण आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या सातबाऱ्यावर नावं कोणाची आहेत? पेरायला, निंदायला, सोंगायला नवराबायको दोघंही वावरात असतात. बारा नंबरातलं पीक दोघांचं असतं. सात नंबरात बहुतेक घरांत नाव एकाचं. म्हणजे वावरात द्वंद्व आणि कागदावर एकशेष.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, हजारो शेतकरी बाया तिथे जमल्या. त्यानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली: शेतकऱ्याने आपल्या राजीखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यावा. अनेक गावांनी तसं केलं. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. कायद्यात ‘मुलगामुलगी’ हा खरा इतरेतर द्वंद्व झाला. आणि मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर नावाची मांडणी अशी करायची: बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव.

म्हणजे ‘मातापितरौ’चा क्रम. बोलण्यात आई पहिल्यापासून पुढे होती. ‘मायबाप’ म्हणताना कुणाची जीभ कधी अडली नाही. सरकारी कागदावर त्या क्रमाने यायला तिला २०२४ साल उजाडावं लागलं.

म्हणून घरी गेल्यावर एक करा. पेटीतला सातबारा काढा आणि सात नंबरात किती नावं आहेत ती मोजा. एकच असेल, तर तुमच्या घरात समास कोणता चालतो ते तुम्हीच ओळखा.

 आता चहापाणी घेऊ. पाणी आधी आणा बरं का.